किशोरांचे मानसिक आरोग्य : गरज ऐकून घेणाऱ्या माणसाची

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली. याच आकडेवारीची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि खाजगी शिकवणी वर्गांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. यासंबंधी कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नयेत, त्यांचा चारचौघांत पाणउतारा करू नये आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, हे यातील प्रमुख निर्देश आहेत.

स्पर्धेचा ताण नवा नाही. त्याला विसावा उरलेला नाही, हे नवे आहे. पूर्वी गुणपत्रिका वर्षातून दोन-तीनदा हाती पडे. आता सराव परीक्षेतील क्रमांक काही तासांत मोबाईलवर झळकतो आणि पाठोपाठ समाजमाध्यमांवर इतरांच्या यशाची छायाचित्रे येतात. शाळा सुटते, तुलना सुटत नाही.

यावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. भारतात मात्र मोबाईल हाच अनेकांचा अभ्यासवर्गही आहे. तो काढून घेतल्याने परीक्षेचे ओझे कमी होत नाही. शिवाय मदतीचा मार्गही त्यातूनच जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही मिळतो.

तथापि, दूरध्वनी सेवेला एक मर्यादा आहे. तिथे पहिले पाऊल मुलाने टाकावे लागते. खचलेले मूल नेमके तेच टाळते. अबोल झालेला, डबा तसाच परत नेणारा विद्यार्थी हेरण्यासाठी शाळेतच जाणता माणूस हवा. म्हणूनच समुपदेशकाचे पद कागदावर भरून किंवा एखाद्या शिक्षकाकडे जादा काम म्हणून सोपवून भागणार नाही. पालकांनीही गुण विचारण्याआधी दिवस कसा गेला, हे विचारायला हवे. मुलांनी खंबीर व्हावे ही अपेक्षा रास्त आहे. पण आपले ऐकणारे कोणी आहे, या विश्वासातूनच तो खंबीरपणा येतो.