वही कोणाची?

परीक्षा जवळ आली की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात तयार ‘नोट्स’ शोधणाऱ्या विद्यार्थ्यांची गर्दी होते. फळ्यावरील आकृती मोबाईलने टिपून घेण्याची प्रथाही आता रूढ झाली आहे. सोय मोठी आहे. परंतु मजकूर हाती येणे म्हणजे विषय समजणे नव्हे.

तांत्रिक विषयांत हा भेद विशेष महाग पडतो. विद्युत्मंडलाची आकृती पाहताना सोपी भासते. तीच कोऱ्या कागदावर काढू लागले की कोणते टोक कोठे जोडावे येथे हात अडतो. ते अडणे हाच अभ्यासाचा आरंभ होय.

लंडनमध्ये पुस्तकबांधणीची उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडे यांनी १८१२ साली हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, ती आकृत्यांसह विस्ताराने लिहून काढली आणि बांधून डेव्हींकडे पाठविली. पुढल्याच वर्षी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम मिळाले.

अभियांत्रिकी मराठीतून शिकविण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मुभा दिली. तरी बहुतेक वर्गांची भाषा इंग्रजीच आहे. स्वतःच्या वहीला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. संज्ञा इंग्रजी असोत. त्यांमागील ‘का’ विद्यार्थ्याने आपल्या भाषेत लिहावा.

येथे शिक्षकांचीही जबाबदारी येते. गतवर्षीच्या जर्नलवरून उतरविलेल्या सुवाच्य जर्नलवर सही होते आणि खाडाखोडीने भरलेली प्रामाणिक वही उपेक्षित राहते. सही करण्यापूर्वी एकच प्रश्न तोंडी विचारला, तरी वही कोणाची हे कळून येईल.