नापास कोण, हे आधी ठरवा!

दर वर्षा-दोन वर्षांनी एखादा अहवाल येतो. पाचवीतल्या इतक्या टक्के मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, इतक्यांना हातच्याची वजाबाकी जमत नाही, असे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात आणि मग आठवडाभर जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा उद्धार चालतो. ज्यांच्या घरातले एकही पोर त्या शाळेची पायरी चढलेले नाही, ते या चर्चेत सर्वांत पुढे असतात. ज्यांची पोरे तिथे शिकतात त्या बौद्ध, मातंग, भटक्या, आदिवासी आईबापांना मात्र कोणी विचारत नाही. ते तेव्हा कुठल्या तरी फडावर, वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर असतात.

यावरून शाळांची मोजणीच करू नये, असे आमचे म्हणणे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. पोर पाचवीत जाऊनही वाचत नसेल तर तो आमच्याच घरावरचा दरोडा आहे. मोजणीचे वावडे आमच्या चळवळीला कधीच नव्हते. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात शाळा तपासणीवर कडक टीका आहे. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा उपयोग नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आगाऊ न कळवताही भेट द्यावी, असे त्यांनी सुचवले. ज्या मास्तराची जास्त मुले पास होतात त्याला पगाराखेरीज काही भत्ता द्यावा, असेही म्हटले. पण त्याच निवेदनात त्यांनी सरकारकडेही हिशेब मागितला. शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी लोकल फंडाचा पैसा घेता आणि दहातल्या नऊ खेड्यांत शाळेची सोय नाही, हे कसे?

बाबासाहेबांनी हाच हिशेब पुढे नेला. १२ मार्च १९२७ रोजी ते मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणावरच्या खर्चाबद्दल बोलले. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा अवघे आठ दिवस उरले होते. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, हा आकडा त्यांनी सभागृहापुढे ठेवला. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आज ज्याला अधिकारी मंडळी ‘लर्निंग आउटकम’ म्हणतात, ते बाबासाहेबांनी तेव्हाच मोजून दाखवले होते. पण त्यांनी बोट कोणाकडे दाखवले? त्या ८२ मुलांकडे नव्हे. दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करणारे सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्चते, निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, असे त्यांनी सरकारलाच सुनावले.

आता आजची रीत पाहा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा दोन्ही बाजूंना बांधतो. शिक्षकाने वेळेवर यावे, अभ्यासक्रम पुरा करावा, प्रत्येक मुलाची प्रगती पाहावी, हे कलम २४ सांगते. कलम २६ सांगते की शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. ही जबाबदारी नेमणूक करणाऱ्यांची आहे. कलम २४ मोडल्याबद्दल गुरुजींना नोटीस निघते. कलम २६ मोडल्याबद्दल एखाद्या सचिवाची वेतनवाढ रोखली गेल्याचे वाचकहो, तुम्ही कधी ऐकले आहे काय? मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षक भरती थांबवली आणि पुढची कित्येक वर्षे डी.एड. झालेली आमची पोरे वय उलटेपर्यंत बसून राहिली. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील पदांवर कुऱ्हाड आली आणि त्याच वर्षी शिक्षक रस्त्यावर उतरले. एका गुरुजीच्या अंगावर चार वर्ग टाकायचे, त्यातच त्याला मतदार यादी आणि जनगणनेला जुंपायचे (कलम २७ ने त्याला मुभा ठेवलीच आहे), आणि वर्षाअखेर विचारायचे की पोरांना भागाकार का येत नाही!

उसाच्या फडाचे उदाहरण घ्या. बीड, जालना, अहिल्यानगरच्या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात ते पाडव्याच्या सुमाराला परततात. शाळेची पायाभूत चाचणी पावसाळ्यात होते, संकलित चाचणी उन्हाळ्याच्या तोंडावर. मधले चार-पाच महिने ते पोर बैलगाडीच्या मागे, कोपीवर धाकटे भावंड सांभाळत असते. हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर आहे, पण ती सुरू व्हायला उशीर झाला की टोळी निघून गेलेली असते. परतल्यावर त्या पोराच्या हातात प्रश्नपत्रिका देतात, त्याचा शून्य शाळेच्या खात्यावर चढतो आणि शाळा मागास ठरते. हा शून्य कोणाचा? वसतिगृहाची मंजुरी ज्या टेबलावर अडकली त्या टेबलाचा निकाल कुठल्या पोर्टलवर दिसतो?

उलट शिक्षा मात्र खाली खाली उतरत जाते. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी-आठवीला पुन्हा नापास करण्याची सोय करून घेतली. फेरपरीक्षेतही मूल पडले तर त्याच वर्गात. म्हणजे शिक्षक न देणारा पास आणि शिक्षक न मिळालेले पोर नापास! आता टीईटी घ्या. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील बहुतेक शिक्षकांनाही ती सक्तीची केली. शिक्षकाची पात्रता तपासायला आमचा विरोध नाही. पण हीच परीक्षा घेणाऱ्या राज्य परिषदेच्या आयुक्तांना गैरव्यवहार प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी अटक केली होती, हेही विसरता येत नाही.

आणि शाळाच घसरली तर? तिला सावरण्याऐवजी बंद करणे सोपे. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांना टाळे लावायचे ठरले. २०२३ मध्ये तोरणमाळ आणि पानशेतचा दाखला देत समूह शाळांची टूम निघाली. त्याच वर्षी शाळा कंपन्यांना दत्तक देण्याचा निर्णयही झाला. दोन ओढे ओलांडून जावे लागेल तेव्हा तांड्यावरची, पाड्यावरची आमची मुलगी पहिल्यांदा घरी बसेल. तिचे घरी बसणे मात्र कोणत्याही चाचणीच्या सरासरीत उतरत नाही.

एक कडवट गोष्टही बोललीच पाहिजे. मुख्यालयी न राहता घरभाडे घेणारे, तालुक्याला प्लॉटचे व्यवहार करणारे गुरुजी आहेत, आणि त्यांत राखीव जागेवर लागलेले आमचेही आहेत. स्वतःचे पोर इंग्रजी शाळेत आणि वस्तीतले पोर वाऱ्यावर! शिकलेल्यांनी आपल्याला दगा दिला, हे दुःख बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बोलून दाखवले होते. १४ एप्रिलच्या स्टेजवर या मंडळींचा सत्कार करण्याआधी त्यांच्या वर्गातली किती पोरे वाचतात, हे आयोजकांनी विचारून घ्यावे.

जाब विचारण्याचे हत्यार कायद्यानेच दिले आहे. कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती. तीत पाऊणहिस्सा पालक, निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. प्रत्यक्षात गावोगावी काय चालते? नावे सरपंचाच्या ओसरीवर ठरतात आणि आमच्या बाईचा अंगठा घरपोच घेतला जातो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढच्या सभेत तीन गोष्टी लेखी मागा. मंजूर पदे किती आणि भरलेली किती. गुरुजी वर्षात किती दिवस शाळेबाहेरच्या कामावर होते आणि कोणाच्या आदेशाने. आपल्या वस्तीतल्या मुलांपैकी किती जण वाचू शकतात. पहिल्या दोनांची उत्तरे गटशिक्षणाधिकाऱ्याकडून हवीत, तिसऱ्याचे गुरुजींकडून. नाही मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, जिल्हा परिषदेचा दरवाजा आहे. आणि ही सभा सकाळी अकराला ठेवू देऊ नका. त्या वेळी आमची माणसे रोजावर असतात. ती संध्याकाळी सातला, दिवेलागणीनंतर घ्यायला लावा.