मधला मुलूख

आमचे एक स्नेही, मूळचे यवतमाळचे परंतु चरितार्थानिमित्त पुण्यास स्थायिक झालेले, गेल्या श्रावणात बोट्स्वाना देशातील वनविहार आटोपून परतले, आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात विमानाखेरीज दुसरा विषय नाही. माउन गावाहून दहा-बारा आसनांचे एका इंजिनाचे सेसना विमान सुटते. सामान वीस किलोच्या आत आणि तेही मऊ पिशवीतच, कारण विमानाच्या पोटातील खण अरुंद. उतरण्यापूर्वी मुक्कामाची जीप मातीच्या धावपट्टीवर एक फेरी मारून हत्ती हाकलून देते. दोन रात्री झाल्या की पुन्हा उड्डाण आणि पुन्हा नवे अरण्य. हे सारे रसभरित वर्णन करून त्यांनी शेवटी आपला प्रस्ताव मांडला, तो असा की, यवतमाळला धावपट्टी आहे, चंद्रपूरजवळ मोरव्याला आहे, तर टिपेश्वर, ताडोबा, पेंच, मेळघाट अशी हवाई यात्रा आपल्याकडे का निघू नये?

प्रस्ताव मोहक आहे, म्हणूनच त्याला सविस्तर विरोध करणे भाग आहे.

बोट्स्वानातल्या त्या ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात छोटे विमान ही चैन असली तरी ती भूगोलाने लादलेली चैन आहे. अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस महिनोन्‌महिने वाहत येऊन, स्थानिक पावसाळा सरल्यावर, ऐन कोरड्या ऋतूत तेथे पसरतो आणि समुद्राला न मिळताच वाळवंटात आटून जातो. त्या जलमय प्रदेशात गाडीरस्ता टिकावा तरी कोठे? जे वाहन त्या भूमीतूनच निपजले, त्याची नक्कल टिपेश्वरजवळच्या पांढरकवड्यास करण्याचे प्रयोजन नाही. येथे नागपूर-हैदराबाद महामार्ग अभयारण्यापासून फार दूर नाही, आणि ज्या जिल्ह्याने मूर्तिजापूर-यवतमाळ हे ११३ किलोमीटरचे अंतर शकुंतला या रेल्वेगाडीतून सबंध दिवस भाजलेल्या शेंगा खात काटले, त्याला घाई कसली ते मला अद्याप उमगलेले नाही.

परंतु माझा खरा आक्षेप वेगळा आहे. विमान दोन अरण्यांमधला मुलूख पुसून टाकते, आणि यवतमाळ जिल्ह्यात वाघाची खरी हकीकत त्या मधल्या मुलखातच घडते. टिपेश्वर अभयारण्य अवघे १४८ चौरस किलोमीटरचे. तेथे वाढलेला नर तरुण झाला की त्याला बाहेर पडावेच लागते. असाच एक, गळ्यात कॉलर असलेला वाघ जून २०१९ मध्ये टिपेश्वरातून निघाला आणि कपाशीची शेते, नाले, पांदणी व महामार्ग ओलांडीत, तेलंगणात डोकावून, सुमारे पाच महिन्यांत १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेतल्या असंख्य गावांपैकी बहुतेकांना तो गेल्याचा पत्ताही लागला नाही. वन्यजीवनाविषयी ग्रंथालये भरतील इतके या एका प्रवासात आहे. दहा हजार फुटांवरून त्यातले काय दिसणार?

त्याच मुलखाची दुसरी बाजू भीषण आहे. राळेगाव आणि पांढरकवडा परिसरातील तेरा मनुष्यांचा बळी जिच्या नावे दप्तरात नोंदला गेला, त्या अवनी वाघिणीच्या शोधासाठी २०१८ साली हत्ती आले, शिकारी कुत्री आली, आकाशातून पाहणी करण्यासाठी पॅरामोटरही आले. आपल्या अरण्यावरून केलेले ते उड्डाण फळास आले नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री ती अखेर बोराटीजवळ, जमिनीवरच, गाठली आणि मारली गेली. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेचा वाद येथे उकरीत नाही. सांगायचे एवढेच की, वाघाची किंमत जो समाज रात्रीच्या भीतीने चुकवितो, त्याच्या डोक्यावरून पाहुण्यांना उडवून नेणे हा शिष्टाचार नव्हे. सरकारदरबारी पैसा खर्च व्हावयाचाच असेल तर तो सुन्ना आणि माथनी प्रवेशद्वारांलगतच्या गावांत पाहुण्यांसाठी खोल्या उभारण्यावर, शेतांच्या कुंपणावर आणि पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वेळेत होऊन भरपाई हाती पडण्यावर व्हावा. यातील शेवटची बाब विमानापेक्षा अवघड आहे, हे मी जाणतो.

दिवाळीनंतर ते स्नेही माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना मुद्दाम मोटारीने टिपेश्वरास नेले. सायंकाळच्या फेरीत वाघ दिसला नाही, आणि स्वारी नाराज झाली. परतीच्या वाटेवर, काळोख दाटल्यावर, तुरीच्या शेतातल्या मचाणावर बसून रोही-रानडुकरांसाठी जागल करणाऱ्या एका शेतकऱ्याने बॅटरीचा झोत आमच्या गाडीवर टाकला आणि विचारले, "दिसला काय जी वाघ?"

"नाही," स्नेही म्हणाले.

"काल रात्री ह्याच धुऱ्यानं गेला," तो म्हणाला, आणि झोत पुन्हा तुरीकडे वळवला.