पंधरा तासांचा हिशेब

मुलगा न्यू जर्सीत आहे असे सांगितले की समोरचा हमखास म्हणतो, "हल्ली काय हो, पंधरा तासांत माणूस दारात!" या वाक्याशी माझे भांडण आहे.

तीस वर्षे भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया अशी जाते. मग मी पृथ्वीगोल काढून दोरा ताणायला लावी. दोरा थेट आइसलंडवरून जायचा! पोरे चक्रावत. पण तोच जवळचा मार्ग, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पट्टीच्या रेघेने गेले तर दीड हजारांहून अधिक किलोमीटर जास्त पडतात. तिकडून येताना वरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात म्हणून चौदा-पंधरा तास लागतात, जाताना तेच वारे अंगावर येतात आणि तासभर तरी वाढतो. शिवाय विमानाला दोऱ्यासारखे जाता येत नाही. कोणत्या देशाने कोणाला आपले आकाश बंद केले आहे, तेही पाहावे लागते. 2022 पासून तर हे फारच झाले आहे.

हे सगळे मला पाठ होते. तरी हिशेब चुकला.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी 6 वाजता ही गेली. तिकडे सोमवारचे संध्याकाळचे साडेसात. त्या दिवसाचे विमान साडेआठला, आणि मुलाचे घर विमानतळापासून तासाच्या वाटेवर. म्हणजे ते गेल्यातच जमा. पुढचे चोवीस तासांनी. मग ते पंधरा तास, मग मुंबईहून सातारा. तो दारात आला तेव्हा गुरुवारचे पहाटेचे 4 वाजले होते. एकूण सेहेचाळीस तास.

थांबायचे की नाही, हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. अशुभ वाटते ना! त्यामुळे घरात माणसे जमलेली असताना मला फोनवर त्याला विचारावे लागले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, माझ्यासाठी आईला ताटकळत ठेवू नका."

माझे म्हणणे एवढेच, की ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी हा विषय धडधाकट असतानाच काढावा. चहा पिताना काढावा. मुलांना फोनवर, रडत्या माणसांच्या गराड्यात ठरवायला लावू नये. मी लावले.

मंगळवारी दुपारी 2 वाजता आम्ही माहुलीला निघालो. तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन. तो बॅग भरून बसला होता आणि विमानाला अजून सतरा तास होते. हे त्याने मला गुरुवारी, अस्थी गोळा करताना सांगितले.