फटफटीची गादी

वाचकहो, बैलगाडीचे जू मोडले तर गावचा सुतार आहे, नांगराचा फाळ बोथट झाला तर लोहाराचा भाता गावातच आहे. पण घरातल्या जुन्या बुलेटची गादी फाटली म्हणजे आपण काय करतो? वर खताचे रिकामे पोते टाकतो, सायकलच्या ट्यूबने आवळतो आणि पुढचा पोळा येईपर्यंत तसेच हाकतो. पोत्याखाली काय चालले आहे ते कोणी उघडून पाहत नाही. म्हणून या खेपेला इंजिन बाजूला ठेवून गादीविषयी बोलू. सावनेर, काटोल, उमरेड, रामटेक या बाजूच्या मंडळींचे नागपूरला जाणे-येणे असतेच. बाजारच्या कामाबरोबर हेही काम करून घेता येते.

ही गाडी आली कुठून ते आधी थोडक्यात सांगतो. रॉयल एनफिल्ड हा कारखाना इंग्लंडातील रेडिच गावचा. बुलेट हे नाव त्याने १९३२ साली एका गाडीला दिले. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराने सरहद्दीवरील गस्तीसाठी ३५० सी.सी.ची बुलेट पसंत केली, १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि गाडी इथेच बनू लागली. गंमत अशी, की रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. मद्रासचे चेन्नई झाले, तरी ती निघतेच आहे. बुलेटच्याही आधीच्या गाड्या म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने वापरलेल्या बी.एस.ए. एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३ एल. एकट्या एम-२० याच सव्वा लाखाहून अधिक बनल्या होत्या. आपल्या नागपूरशेजारी कामठीची छावणी तर १८२१ सालापासूनची. एखाद्या वाड्याच्या पडवीत अशी गाडी अजून झाकून ठेवलेली असेल, तर पुढचा मजकूर दोनदा वाचा.

या गाड्यांच्या गाद्या दोन तऱ्हेच्या. अगदी जुनी म्हणजे एकट्या माणसाचे खोगीर. पुढे एका खिळीवर टेकलेले, मागे दोन जाड स्प्रिंगा, वर बारीक स्प्रिंगांची जाळी, त्यावर नमदा आणि चामडे. मागे बसणाऱ्यासाठी मडगार्डावर वेगळी छोटी गादी. दुसरी तऱ्हा १९५० च्या सुमारास रूढ झाली. दोघांची मिळून एक लांब गादी. खाली दाबलेला लोखंडी पत्रा, वर फोम आणि त्यावर रेक्झिन. आपल्याकडच्या बहुतेक बुलेटी या दुसऱ्या तऱ्हेच्या.

आता हे कळले पाहिजे, की गादी वरून फाटते पण मरते ती खालून. शिवण उसवली, की पावसाचे पाणी आत जाते. फोम ते स्पंजासारखे धरून ठेवतो आणि खालचा पत्रा महिनोन् महिने ओला राहतो. त्यातच आपण युरियाची, पोटॅशची गोणी गादीवर आडवी टाकून शेतात नेतो. सांडलेल्या खताला ओल लागली, की पत्र्याला गंज धरायला वेळ लागत नाही. गाडी गोठ्यात उभी असेल तर गोमूत्राची वाफ, कोंबड्यांची घाण आणि फोममध्ये बाळंत होणारी उंदरीण! एखाद्या दिवशी खड्ड्यात गाडी आदळते, पत्रा बोल्टाजवळ फाटतो आणि मागची बाई लेकरासह खाली येते. गादीचे काम शोभेचे समजून पुढे ढकलू नये ते यासाठी.

काम काढाल तेव्हा गादी घरीच नट सोडून उतरवा आणि तेवढीच नागपूरला न्या. गाडीवर गादी असताना पत्र्याला वेल्डिंग करू देऊ नका. पेट्रोलची टाकी हातभरावर असते. रेक्झिनचा धंदा करणारे, मोटारींची आणि फटफट्यांची सीट शिवणारे कारागीर शहरात ठिकठिकाणी बसतात. सीताबर्डी, सदर, महाल असे कुठेही गेलात तरी दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि भाव विचारण्याआधी त्याने शिवून ठेवलेली एखादी गादी उलटी करून पाहा. वरून सगळ्यांच्याच छान दिसतात. उलट बाजूला कापड सुरकुत्या पडून कसेतरी चिकटवलेले असेल तर पुढचे दुकान बघा. मालाची पारख स्वतः करायची असेल तर ठोक बाजार म्हणून इतवारीत फेरी मारून यावी.

बरेच दुकानदार म्हणतील, "काका, ही जुनी ठेवा इथेच, तयार नवी गादी देतो." मोह पडतो, कारण काम तासाभरात होते. पण जुना पत्रा हीच खरी वस्तू आहे. गाडीच्या चौकटीला तो नेमका बसतो, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन आज अशा मूळ भागांसाठी गावोगाव फिरतात. बी.एस.ए. किंवा नॉर्टनचा पत्रा तर परत मिळणे नाही. तो कितीही गंजलेला असला तरी ठिगळ लावून दुरुस्त होतो. भंगारच्या भावात तो कोणाला देऊ नका.

जुने कव्हरही फाडून फेकायचे नसते. शिवणी ब्लेडने उसवून त्याचे तुकडे सपाट करावेत. तोच नव्या कव्हराचा फरमा. ज्या कारागिराने आल्या-आल्या कव्हर कात्रीने टराटरा कापले, तो अंदाजाने शिवणार हे ओळखा. कव्हर काढल्यावर पत्रा खरवडून घ्यावा, भोके ठिगळाने बुजवावीत, वर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि मग काळा रंग. पत्र्याला मुळातच पाणी निथळण्यासाठी भोके असतील तर ती मात्र मोकळी राहू द्या. अनेक जुन्या ब्रिटिश पत्र्यांना कडेने आत वळणारे दाते असतात, कव्हर त्यांत अडकवायचे असते. ते मोडले तर नव्याने बसवून घ्यावेत. नुसत्या सोल्युशनवर विसंबलेले कव्हर नागपूरच्या उन्हात सुटते.

भरावाविषयी आपल्या कास्तकार मंडळींशी मला थोडे भांडायचे आहे. घरात कापूस आहे म्हणून तो गादीत भरण्याची हौस असते. झोपायच्या गादीला कापसासारखे सुख नाही, पण फटफटीच्या गादीत तो चार महिन्यांत गोळे होऊन बसतो, पाणी पितो आणि कुजतो. काथ्या बरा, तो वारा खेळता ठेवतो. मात्र बसून-बसून दबला की उठत नाही. विलायतेत १९२९ साली डनलॉपच्या लोकांनी रबराच्या चिकाला अंड्याच्या बलकासारखा फेस आणून गादीचे रबर काढले, आणि फटफटीच्या गाद्यांतही असे फेसाचे रबर आले. जुन्या गाडीत असे रबर निघाले आणि ते चुरा झाले नसेल, तर जपून पुन्हा वापरा. नाहीतर आजचा फोम. तो घेताना जाडी विचारण्यापेक्षा डेन्सिटी विचारावी. घनमीटरच्या हिशोबात किती वजन भरते त्यावरून ३२, ४० असे आकडे सांगतात; सोफ्याला चालणारा हलका फोम इथे उपयोगाचा नाही. खाली तुकडे दाबून केलेला कडक फोम आणि वर इंचभर मऊ फोम ही जोडी टिकते. अंगठ्याने दाबून पाहा. अंगठा थेट पत्र्याला लागला तर दहा कोसांनंतर तुमच्या माकडहाडालाही पत्राच लागणार.

आणि जास्त मऊ, जास्त उंच करण्याचा आग्रह धरू नका. गादी दोन इंच वाढली, की बुटक्या माणसाचे पाय जमिनीला पुरत नाहीत. बुलेट वजनदार, चिखलात एकदा कलली की सावरत नाही. जुन्या गादीची उंची टेपने मोजून चिठ्ठीवर लिहून न्यावी.

रेक्झिन हे खरे तर इंग्लंडातील एका मालाचे नाव. आपण सरसकट सगळ्यालाच म्हणतो. आता मिळते ते बहुतेक कापडावर पी.व्ही.सी.चा लेप दिलेले असते. कोपरा घडी घालून नखाने चोळा. पांढरी रेघ उमटली किंवा लेप तडकला तर तो माल नको. मागचे कापड थोडे ताणणारे असावे, म्हणजे गोलाईवर चुण्या पडत नाहीत. रंगाचे म्हणाल तर काळा शोभतो खरा, पण २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवशी उन्हात उभ्या काळ्या गादीवर बसणे म्हणजे तव्यावर बसणे. गडद तपकिरी घेतला तर गाडीचा मान राहतो आणि चटका जरा कमी लागतो. एक फायदा मात्र याच उन्हाचा आहे. विलायतेत कव्हर मऊ पडावे म्हणून गरम हवेचे यंत्र लावतात. आपण ते पाव तास दुपारच्या उन्हात पसरले की लोण्यासारखे ताणले जाते. म्हणून हे काम पावसाळ्याआधीच काढा. दिवाळीच्या तोंडावर नको, तेव्हा कारागिराचे हात भरलेले असतात.

दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा हवा; सुती दोरा पावसात कुजतो. टाके फार जवळजवळ नसावेत. पोस्टाच्या तिकिटांसारखी भोकांची ओळ पडली, की रेक्झिन त्याच रेषेवर फाटते. शिवण बसण्याच्या सपाट जागी न येता कडेच्या पायपिंगपाशी यावी, म्हणजे पाणी झिरपत नाही. कोणी उत्साही चिरंजीव हे घरच्या शिलाई मशीनवर करू पाहतील, तर त्यांना आवरा. सुई मोडेल, मशीनही बिघडेल आणि आईची चोळी तशीच राहील. खोगीर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. चामड्याचे काम गावचा चर्मकार रापी, आर आणि दाभण घेऊन कोणत्याही शहरी दुकानाहून सरस करील. पुढे त्या चामड्याला अधूनमधून एरंडेल चोळावे, आपले आजोबा मोटेला तेल देत तसे.

भगिनींनो, पुढचे चार शब्द तुमच्यासाठी. नवे कव्हर चढवताना मधला धरायचा पट्टा हमखास गाळला जातो, "त्याने लुक जातो" म्हणून. तो पट्टा किंवा मागे-बाजूला पक्का कठडा, पाय ठेवायला पायदान आणि मागचे चाक निम्मे तरी झाकणारी साडीची जाळी या तिन्ही गोष्टी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीच सांगितल्या आहेत. कडेवर लेकरू घेऊन एका बाजूला बसणारी तुम्ही. धरायला काय आहे ते तुम्हीच हाताने ओढून पाहा. पट्टा नुसत्या रेक्झिनला शिवलेला नसावा, दोन्ही टोके बोल्टाने पत्र्याला किंवा चौकटीला आवळलेली असावीत. गादी आणायला धनी एकटेच निघाले, तर एवढे सांगून पाठवा.

घरी आणून बसवल्यावर दोघांनी बसून पाच-सात मैल कच्च्या रस्त्याने जाऊन यावे आणि परतल्यावर खालचे नट पुन्हा आवळावेत. नवा फोम बसला की ते ढिले होतात. पंधरा दिवसांनी आणखी एकदा पाहा. पहिल्या पावसानंतर गादीखाली हात घालून बघा, हाताला ओल लागली तर शिवण उघडी आहे, लगेच कारागिराकडे न्या. उसवलेले जुने कव्हर फरमा म्हणून परत मागून घ्यायला विसरू नका. घडी न घालता गुंडाळी करून माळ्यावर ठेवा, उंदरांपासून दूर.