मोटारीची अंतरंगपरीक्षा

ग्रंथाच्या परीक्षणाचे बहिरंगपरीक्षा आणि अंतरंगपरीक्षा असे दोन भाग करण्याची पद्धत मराठीच्या अभ्यासकांना चांगली परिचयाची आहे. लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'त (१९१५) गीतेच्या बहिरंगाची परीक्षा परिशिष्टात घातलेली आहे. मुख्य ग्रंथ खर्ची पडला आहे तो गीतेचे तात्पर्य काय, या प्रश्नावर. परीक्षणात कशाला किती जागा द्यावी, याचा तो एक वस्तुपाठच म्हणावा लागेल. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून येणारी मोटारगाड्यांची परीक्षणे वाचताना मात्र हे प्रमाण नेमके उलटे झालेले दिसते. इंजिनाची शक्ती, लांबी-रुंदी, किंमत, रंगांचे पर्याय हे सारे बारकाईने येते. गाडीच्या आत शिरल्यावर लेखणी अडखळते आणि 'अंतर्भाग प्रीमियम वाटतो', 'फिनिशिंग उत्तम आहे' अशा दोन-तीन वाक्यांत परीक्षण आटोपते. प्रीमियम वाटतो म्हणजे काय वाटते? कशामुळे वाटते? आणि किती दिवस वाटत राहणार आहे? या प्रश्नांना तेथे जागाच नसते.

आमचे म्हणणे असे, की आलिशान गाडीच्या अंतर्भागाच्या घडणीचा दर्जा ठरवणे ही पूर्णार्थाने समीक्षेची कृती आहे. तीत निकष लागतात, त्या निकषांची कारणे द्यावी लागतात आणि ती नेमक्या शब्दांत मांडावी लागतात. 'ही कविता चांगली का?' असे विद्यार्थ्यांना विचारण्यात ज्यांची पंधरा-वीस वर्षे गेली, त्या आमच्यासारख्यांनी या प्रांतात चार शब्द बोलायला हरकत नसावी. अशी गाडी घेण्याची आमची ऐपत नाही, हा आक्षेप येईलच; पण सिन्नरच्या गोंदेश्वरावर लिहिणाऱ्यालाही देऊळ बांधण्याची ऐपत असावी लागत नाही.

उदाहरण म्हणून महाराष्ट्रातच तयार होणारी मर्सिडीज-बेंझची ई-क्लास घेऊ. १९९५ साली पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात या मालिकेतील गाडीची जुळणी सुरू झाली. २००९पासून कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे. २०१७ साली पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर वाढवलेली लांब ई-क्लास भारतात आली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये तिची नव्याने आखलेली पिढी बाजारात दाखल झाली. हिची लांबी ५०९२ मिलिमीटर, चाकांतील अंतर ३०९४ मिलिमीटर, आणि बाजारात आली तेव्हाची किंमत ७८.५० लाख रुपयांपासून पुढे. ही झाली बहिरंगपरीक्षा. आता आत शिरू.

पहिला निकष औचित्याचा. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले, त्याचा आशय असा, की गुण आणि अलंकार सुटे पाहून भागत नाही. ते कोठे व कशासाठी आले आहेत हे पाहावे लागते. मोटारीला हे तंतोतंत लागू पडते. आमच्या नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात २००७पासून लोगान ही सेडान तयार होऊ लागली. रेनोशी असलेली भागीदारी २०१०मध्ये संपल्यावर तिचेच पुढे 'व्हेरिटो' असे नामांतर झाले. स्वस्त आणि टिकाऊ कुटुंबगाडी एवढेच तिचे वचन होते. तिचा डॅशबोर्ड एकाच साच्यातून निघालेला, कडक प्लास्टिकचा. बाहेरचे आरसे डाव्या-उजव्या बाजूंना सारखेच चालतील असे, म्हणजे साचा एकच पुरावा. या अंतर्भागाला कोणी प्रीमियम म्हटले नाही. पण एकसंध डॅशबोर्डात सांधे कमी, आणि सांधे कमी म्हणून कुरकुरीला वावही कमी. जे वचन दिले ते तिने पाळले. ई-क्लासचे वचन याच्या कितीतरी पट मोठे आहे, आणि म्हणून तिला लावायची फूटपट्टीही वेगळी हवी. लोगानमधील कडक प्लास्टिक हा दोष ठरत नाही. पाऊण कोटीच्या गाडीत मात्र नजरेच्या टप्प्यात मऊ आवरण आणि गुडघ्याच्या खाली, दरवाजाच्या कप्प्यात तेच कडक प्लास्टिक असेल, तर तो विचारण्याजोगा प्रश्न ठरतो.

दुसरा निकष उलट्या बाजूचा. आमच्याच जिल्ह्यातील येवल्यात पैठणी घेणारी जाणती बाई पदर उलटा करून पाहते. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलट-सुलट सारखाच दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. मडकेसुद्धा वाजवून घ्यावे, ही आपली रीतच आहे. गाडीच्या बाबतीत उलटी बाजू म्हणजे खणाच्या झाकणाची आतली कड, सीटच्या खालची रुळपट्टी, सामानाच्या डिकीचे अस्तर, छताच्या कापडाची दरवाजाजवळची किनार. जेथे गिऱ्हाईक पाहणार नाही असे कंपनीला वाटते, तेथे तिने काय केले आहे, यावरून तिची निष्ठा कळते. दुय्यम पात्रांवरून कादंबरीकार ओळखावा, तसेच हे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन भागांमध्ये फट दिसली की घडण वाईट, असे सरसकट मानले जाते. वास्तविक फट आवश्यकच असते. प्लास्टिक उष्णतेने पोलादाच्या कितीतरी पट प्रसरण पावते. एक मीटर लांबीची साध्या प्लास्टिकची पट्टी ३० अंशांनी तापली, तर ती दोन-तीन मिलिमीटरनी वाढू शकते. तेवढ्याच लांबीचे पोलाद अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत एवढा फरक सहज पडतो. फटच ठेवली नाही, तर भाग एकमेकांवर घासतील, किंचित अडकतील आणि सुटतील. या अडकण्या-सुटण्यातूनच कुरकुर जन्मते. चांगली घडण म्हणून फट नाहीशी करीत नाही. ती फट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी राखते आणि आतल्या वायरींना व सांध्यांना मऊ नमद्याची पट्टी लावून घर्षणाची सोय करते. कवितेतील यतीसारखीच ही गोष्ट आहे: तिचे असणे आक्षेपार्ह नाही, तिचे भलत्या जागी पडणे आक्षेपार्ह आहे.

आवाजाच्या बाबतीत तर मराठीइतकी संपन्न भाषा परीक्षकाला शोधून सापडणार नाही. कुरकुर दोन पृष्ठभाग घासल्याची, खडखड सुट्या भागाची, खुळखुळ पोकळीत पडलेल्या बारीक वस्तूची, करकर कातड्याची किंवा ताणलेल्या सांध्याची, टकटक ठरावीक अंतराने आपटणाऱ्या गोष्टीची. दरवाजा लागतानाचा 'धप्प' आणि 'धाड' यांतला फरक लहान पोरालाही कळतो. कारागीर गॅरेजमध्ये याच शब्दांवरून दोष नेमका कोठे आहे ते हुडकून काढतो. आणि परीक्षणात हे सगळे सोडून 'आवाज-कंपन-पातळी समाधानकारक' असे लिहिले जाते! अनुकरणवाचक शब्दांना शिष्ट लेखनात मज्जाव करण्याची ही खोड आपल्याला कधीतरी टाकावी लागेल.

तिसरा निकष काळाचा. पहिल्या स्पर्शाला जे मोहवते ते टिकेलच असे नाही. १९९०च्या दशकात आणि त्यानंतर अनेक युरोपीय गाड्यांतील बटणांवर व हँडलांवर रबरासारखा मऊ लेप देत असत. शोरूममध्ये तो मखमली लागे. उष्ण आणि दमट हवेत काही वर्षांनी तोच लेप विघटित होऊन बोटांना चिकटू लागे. चकचकीत काळ्या पट्ट्यांचेही तेच: पहिल्या दिवशी आरसा, वर्षभरात ओरखड्यांचे जाळे. ज्या 'नव्या गाडीच्या वासा'वर लोक भुलतात, तोही बव्हंशी प्लास्टिक आणि गोंदांतून सुटणारी वाफच असते. हे ओळखूनच ऑडीने १९८५पासून इंगोलस्टाटला वास तपासणारा खास गट ठेवला. जर्मन वाहनउद्योगाच्या मानकानुसार अंतर्भागाच्या साहित्याचा नमुना बंद बरणीत ८० अंशांपर्यंत तापवतात आणि माणसे तो हुंगून १ ते ६ गुण देतात. १ म्हणजे वास जाणवत नाही, ६ म्हणजे असह्य. रुचीचा विषय आला की वाद खुंटतो, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वासासारख्या निसटत्या गोष्टीवरही माणसांना सकारण, तुलना करता येण्याजोगा निवाडा देता येतो.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. डेव्हिड पाय यांनी १९६८च्या आपल्या पुस्तकात कारागिरीचे दोन प्रकार सांगितले: एक जोखमीची, जीत काम करताना प्रत्येक क्षणी हात चुकू शकतो, दुसरी खात्रीची, जीत साचा आणि यंत्र यांनी फलित आधीच ठरवलेले असते. येवल्याचा विणकर पहिल्या प्रकारात मोडतो, चाकणची गाडी प्रामुख्याने दुसऱ्या. आम्हांला यात पोथी आणि छापील पुस्तक यांतला भेद दिसतो. पोथीतला लेखनिकाचा प्रमाद त्या एका पोथीपुरता असतो. छपाईचा खिळा चुकला तर ती चूक हजार प्रतींत जशीच्या तशी उमटते. साचाच चुकला, तर तो दोष संपूर्ण आवृत्तीचा. एखादी क्लिप नीट बसली नाही, तर तो बांधणीचा, त्या एका प्रतीचा. परीक्षकाच्या हाती कंपनीने निवडून पाठवलेली एकच गाडी पडते आणि तेवढ्यावर तो आवृत्तीचा निवाडा देतो. एका हस्तलिखितावरून संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाला आपण काय म्हटले असते?

नवी पिढी म्हणजे सुधारित आवृत्ती, हे मानले तर पाठभेदांची नोंद घेणेही ओघानेच आले. परीक्षणे नवे काय आले ते सांगतात. काय गळले ते सांगत नाहीत. १९९५च्या गाडीत प्रत्येक कामाला वेगळा खटका होता आणि तो दाबल्याची जाणीव बोटाला होत असे. २०२४च्या गाडीत मधला १४.४ इंची पडदा आणि शेजारच्या प्रवाशापुढचा पडदा एका सलग काचेखाली नांदू शकतात. काचेला सांधा नाही, शिवण नाही, कुरकुर नाही. म्हणजे घडण तपासण्याच्या जागाच कमी झाल्या. लोगानने काटकसरीसाठी सांधे टाळले होते. आलिशान गाडी ते देखाव्यासाठी टाळू लागली, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. पडद्याची आमची तक्रार नाही. पण पडद्यावरचे उजळ चित्र पाहून 'घडण उत्तम' असा शेरा मारणे म्हणजे मुखपृष्ठ पाहून कादंबरीला पारितोषिक देणे. गाडीच्या सुरक्षिततेचे गुणांकन करणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६पासून मूलभूत कामांसाठी खऱ्याखुऱ्या खटक्यांना गुण देण्याचे धोरण स्वीकारले, त्याला काही अर्थ आहेच.

आणि शेवटी, हा निवाडा कोणी द्यायचा? लांब ई-क्लास भारतात आली ती मालक मागे बसतो हे गृहीत धरून. वाढवलेली जागा, ऐसपैस सीट, खिडक्यांचे पडदे हे सारे मागच्या प्रवाशासाठी. परीक्षक पुढे बसून चालवतो आणि घटकाभर मागे बसून पाहतो. त्या गाडीत दिवसाचे आठ-दहा तास ज्याचे जातात तो चालक असतो. स्टिअरिंगचे कातडे त्याच्या तळव्याखाली झिजते, दरवाजाचे हँडल त्याच्याच हाताला सैल लागू लागते. समृद्धी महामार्गाच्या गुळगुळीत काँक्रीटवर जे ऐकू येत नाही, ते पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यावर त्याला अचूक कळते. त्याला कोणी विचारत नाही. गाडी जुळवणाऱ्या कामगारालाही विचारत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुले आमच्या वर्गात बसतात. एखादा भाग 'बसला' आणि 'बसवला' यांत काय अंतर आहे हे त्यांनी घरी ऐकलेले असते. ही समज वर्गात आली, की तिला 'अशिष्ट' ठरवून बाहेर ठेवायचे आणि 'प्रीमियम अनुभव' या उसन्या शब्दाला मात्र पाट मांडायचा, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

अनुभव असलेल्या माणसाकडे भाषा नाही असे समजणे आणि भाषा असलेल्याने अनुभव न घेता शेरा मारणे, या दोन दोषांनी आपली साहित्यसमीक्षाही पुष्कळ पोखरली आहे. म्हणून मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत उपयोजित लेखन शिकवताना एक तरी स्वाध्याय असा द्यावा: कोणतीही वापरातली गाडी घ्या, रिक्षासुद्धा चालेल. तिच्या अंतर्भागाविषयी पाचशे शब्द लिहा. 'छान', 'उत्तम' आणि 'प्रीमियम' हे शब्द वर्ज्य. प्रत्येक विधानाला हाताचा, कानाचा किंवा डोळ्याचा पुरावा द्या, गाडी चालवणाऱ्याशी बोला, आणि वचन काय होते व पाळले किती ते सांगा. ज्या विद्यार्थ्याला हे साधेल, त्याला कवितेविषयी काय लिहावे हे वेगळे शिकवावे लागणार नाही.