माणसे आहेत तिथेच जायचे का?

मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या समूहाने रोजच्या संवादासाठी कोणते चॅट निवडावे, हा विषय निघाला की एक उत्तर हटकून येते : माणसे आधीच जिथे आहेत तिथे जा. विद्यार्थ्यांच्या फोनवर डिस्कॉर्ड आहे, नोकरदारांच्या संगणकावर स्लॅक आहे. मग नवे खाते उघडायला लावून येणाऱ्याला दारातच का अडवायचे? असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पहिल्या पाच मिनिटांत कंटाळून गेलेला नवखा सहसा पुन्हा येत नाही, हे त्यांनी पाहिलेले असते. तरीही हे उत्तर मला मान्य नाही. माणसे येतील कशी याचा विचार त्यात आहे; एक दिवस सगळ्यांना मिळून निघावे लागले तर काय, याचा नाही. आणि तशी वेळ येते.

फ्रीनोडवर ती मे २०२१ मध्ये आली. आयआरसी ही १९८८ साली फिनलंडमध्ये जन्मलेली संवादाची पद्धत, आणि फ्रीनोड हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे तिच्यावरचे सर्वांत गजबजलेले जाळे. उबुंटू, जेंटू, विकिमीडिया, सगळ्यांचे चॅनेल तिथे. जाळे चालवत होते स्वयंसेवक. त्यावर खरा हक्क कोणाचा, यावरून वाद पेटला आणि १९ मे रोजी या स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे देऊन लिबेरा चॅट हे नवे जाळे उभे केले. पुढच्या आठवड्यात तर, ज्यांच्या मथळ्यात लिबेराचा नुसता उल्लेख होता असे शेकडो चॅनेल फ्रीनोडच्या नव्या चालकांनी ताब्यात घेतले. फूट इतकी कडवट होती. पण समूहांचे काय झाले? ते निघून गेले. वापरायचा प्रोग्राम तोच, सवयी त्याच. सर्व्हरचा पत्ता तेवढा बदलला. उबुंटूच्या चर्चांच्या नोंदी उबुंटूच्याच संकेतस्थळावर साठत होत्या, त्यांना धक्काही लागला नाही.

आता जून २०२५ पाहा. कुबरनेटिस या प्रकल्पाचे स्लॅकवर लाखाहून अधिक सभासद. एरवी पैसे मोजून मिळणाऱ्या सोयी स्लॅकने त्यांना फुकट दिलेल्या होत्या. ही सवलत २० जूनला संपणार, असे प्रकल्पाच्या चालकांनी सभासदांना कळवले तेव्हा हातात मोजके दिवस उरले होते. स्लॅकच्या फुकट योजनेत नव्वद दिवसांपलीकडचे संदेश दिसत नाहीत. म्हणजे वर्षानुवर्षांची चर्चा एका शुक्रवारी डोळ्याआड जाणार होती. धावपळ सुरू झाली. मग स्लॅकच्या मालक कंपनीने, सेल्सफोर्सने, निर्णय मागे घेतला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

मला हा सुटकेचा श्वासच खटकतो. फ्रीनोडवर उघड भांडण झाले, तरी तिथल्या समूहांना निघताना कोणाची परवानगी लागली नाही. कुबरनेटिसशी कोणी भांडलेले नव्हते, तरी त्यांना दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागली. हा एखादाच प्रसंग म्हणावा, तर सप्टेंबर २०२५ मध्ये हॅक क्लब या प्रोग्रामिंग शिकणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या संस्थेने जाहीर केले, की वर्षाला ५ हजार डॉलर घेणारे स्लॅक आता २ लाख डॉलर मागत आहे. बोभाटा झाला आणि स्लॅकने माघार घेतली. ज्यांचा बोभाटा जगभर ऐकू जाईल त्यांचे ठीक आहे. चार जणांनी रात्री जागून चालवलेल्या मराठी टंकलेखनाच्या एखाद्या साधनाचे गाऱ्हाणे कोण ऐकणार?

यावर दुसरा आक्षेप येतो : चॅटवरच्या बोलण्याला एवढे महत्त्व कशाला? टिकवायचे ते दस्तऐवजात लिहावे. लिहावे हे खरेच. पण प्रत्यक्षात कोणी लिहीत नाही. अमुक फंक्शन असे विचित्र का ठेवले, अमुक लायब्ररी का टाळली, जुन्या प्रिंटरवर जोडाक्षरे फुटली तेव्हा कोणी काय करून पाहिले, हे सगळे चॅटमध्येच घडते आणि तिथेच राहते. डिस्कॉर्डवर राहिले तर खाते नसलेल्याला ते वाचता येत नाही, शोधयंत्रांना सापडत नाही आणि सबंध सर्व्हरचा इतिहास उचलून न्यायची अधिकृत सोयही नाही. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि उत्तरे देऊन थकलेला मेंटेनर एक दिवस गप्प होतो.

आपल्याकडे याहून सोपा मार्ग निघतो : व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. तो मुक्त प्रकल्पासाठी तर सर्वांत वाईट. अनोळखी दोन-चारशे माणसांत प्रश्न विचारायचा, तर विचारणाऱ्या विद्यार्थिनीचा फोन नंबर त्या सगळ्यांना दिसतो. मुली बोलत का नाहीत, याची कारणे आपण दूरदूर शोधतो. हे एक समोरच आहे.

पण म्हणून 'आयआरसी बरे होते, तिथेच राहा' म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. मोझिलाने दोन दशके आयआरसी वापरले आणि २ मार्च २०२० रोजी आपला आयआरसी सर्व्हर बंद केला. त्रास देणाऱ्याला हाकलले तर तो नाव बदलून परत येई, आणि नवख्याला आत कसे यायचे हेच कळत नसे. शिवाय आपण नसताना झालेले बोलणे आयआरसीवर आपसूक दिसत नाही. वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, की तेवढा संवाद गेला. ज्यांच्याकडे चोवीस तास चालू असलेला सर्व्हर आहे त्यांनी ही गैरसोय साधेपणा म्हणून मिरवू नये.

माझे म्हणणे असे. ज्या सॉफ्टवेअरचा स्रोत खुला आहे, ज्यातला इतिहास पूर्ण बाहेर काढून दुसरीकडे लावता येतो आणि ज्यातले सार्वजनिक बोलणे खाते न उघडता वाचता येते, त्यातूनच निवड करावी. माझी पहिली पसंती झुलिपला. २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सने ते विकत घेतले आणि २०१५ मध्ये त्याचा स्रोत खुला झाला. त्यात प्रत्येक संदेशाला विषय द्यावा लागतो. सुरुवातीला हे जाचक वाटते, पण कामावरून रात्री उशिरा आलेल्या स्वयंसेवकाला त्यामुळेच दिवसभराच्या गलक्यातून आपला धागा सापडतो, आणि तीन दिवसांनी दिलेले उत्तरही योग्य जागी पडते. रस्टचे संघ झुलिपवर काम करतात. लीन या सिद्धता तपासणाऱ्या भाषेभोवती जमलेले गणितज्ञही तिथेच बोलतात.

मोझिलाने मॅट्रिक्स निवडले, केडीईनेही. मॅट्रिक्समध्ये वेगवेगळ्या संस्थांचे सर्व्हर एकमेकांशी बोलतात, हे त्याचे मोठे बळ. त्याच्या उणिवा मी लपवत नाही : मोठ्या खोल्यांत ते अडखळते, आणि आयआरसीच्या लिबेराशी जोडणारा त्याचा अधिकृत पूल २०२३ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी भारत सरकारने चौदा अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत मॅट्रिक्सचे सर्वांत प्रचलित अ‍ॅप, एलिमेंट, होते. पण मॅट्रिक्स एका अ‍ॅपपुरते नाही. त्याच खोल्यांत शिरणारी इतर अ‍ॅपही आहेत. एका कंपनीच्या बंदिस्त चॅटवर अशी बंदी आली असती, तर भारतातल्या सभासदांपुरता तो समूहच बंद झाला असता.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा : सर्व्हर कोण सांभाळणार? प्रत्येकाने सांभाळायची गरज नाही. झुलिपची कंपनी मुक्त प्रकल्पांना आपल्याकडे फुकट जागा देते. उद्या तिचे न पटले, तर तिथला इतिहास उचलून स्वतःच्या सर्व्हरवर मांडता येतो. मोझिलानेसुद्धा मॅट्रिक्सचा सर्व्हर स्वतः न चालवता एलिमेंटच्या कंपनीकडून सेवा घेतली. मात्र तिथल्या खोल्यांचे पत्ते मोझिलाच्याच डोमेनवर आहेत, कंपनीच्या नव्हे. सेवा देणारा बदलला तरी ते पत्ते बदलणार नाहीत.